बारा मिनिटांचं वर्तुळ

आमच्या भागात कवळी करायची म्हटलं की लोक टाचणीकडे जातात. दात काढण्याचं काम डॉक्टरांचं. हिरड्या भरून आल्या की पुढचं सगळं तिचं. घराच्या तळमजल्यावर तिची कार्यशाळा आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेणाचे पातळ पत्रे, स्पिरिटचा दिवा, प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. प्रत्येक जबड्याच्या तळाशी पेन्सिलीनं माणसाचं नाव. भिंतीवर गिरणीसारखं घरघरणारं पॉलिशचं चाक. पायरी चढून आत गेलं की ओल्या प्लास्टरचा वास येतो. तिच्या वडिलांच्या वेळीही तोच यायचा.

टाचणी हे नाव शाळेतलं. अंगानं टाचणी आणि बोलणंही तसंच. मी तिला नववी-दहावीला भूगोल शिकवला. गेल्या वर्षी माझे खालचे उरलेले चार दात गेले आणि मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले.

"या बाई," ती म्हणाली. "दोन वर्षं आम्हाला तोंड मिटून बसायला सांगितलंत. आता उघडा."

कवळीसाठी तीन-चार फेऱ्या होतात. आधी माप, मग मेणाचा नमुना तोंडात बसवून बघायचा, मग खरी कवळी, मग कुठे टोचतं ते बघून थोडं थोडं घासायचं. या फेऱ्यांमध्ये तिनं मला जे सांगितलं ते मला बेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. मध्येच मी काही विचारायला गेले तर म्हणायची, "बोलू नका बाई, मेण हलेल." तेव्हा मी नुसती ऐकत राहिले.

ती नववीत होती ते वर्ष वाईट होतं. दोन बलाढ्य देशांचं बिनसलं होतं आणि दोघांच्या मधोमध आम्ही. वर्तमानपत्रात रोज कुठलं अस्त्र किती दूर जातं त्याची चित्रं यायची. शाळेच्या खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तळघरातली मोडकी बाकं काढून तिथे वाळूच्या गोण्या आणि पाण्याची पिंपं ठेवली होती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अकरा वाजता पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजायचा आणि आम्ही मुलांना रांगेनं खाली न्यायचो. एक मुलगा गृहपाठ करीनासा झाला. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "परीक्षेपर्यंत कोण राहणार आहे, बाई." मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

सरकारी कचेरीतून प्रत्येक शाळेला एक पुस्तिका आली होती. तिच्यात एक वाक्य होतं: भोंगा वाजल्यापासून आपल्याजवळ साधारण बारा मिनिटे असतील. मुलं त्या बारा मिनिटांबद्दल सारखं कुजबुजायची. मला वाटलं, भीतीला काहीतरी मोजायला दिलं की ती आवरते. त्या महिन्यात मी नकाशाचं प्रमाण शिकवत होते. मी गावाचा नकाशा प्रत्येकाला दिला आणि सांगितलं, आपलं घर शोधा, बारा मिनिटांत माणूस किती चालतो ते काढा, प्रमाणात बसवा आणि कंपासनं वर्तुळ काढा.

तास फार रंगला. इतका रंगलेला तास मला पुढे फारसा आठवत नाही.

"बाई, धावत गेलं तर?"

"धावणाऱ्याचं वर्तुळ मोठं येईल. दोन्ही काढ."

"आणि माझ्या आजीचं?"

"तुझ्या आजीचं वर्तुळ नाही, नुसतं टिंब," मागून कुणीतरी म्हणालं. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

टाचणीच्या बाकावर दुर्बीण बसायची. जाड भिंगांचा चष्मा म्हणून दुर्बीण. तिची आई पोस्टात होती, वडील बहुतेक फिरतीवर, आणि चार वर्षांचा एक भाऊ होता जो शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन तिच्या फ्रॉकचं टोक धरायचा आणि घरापर्यंत सोडायचा नाही. दुर्बीण अभ्यासू आणि घाबरट. टाचणी अभ्यासात बेताची, पण तिच्या बोटांत जादू होती. वडिलांच्या टेबलावरचं उरलेलं मेण आणून ती वर्गात शिक्षकांचे दात करायची. माझे पुढचे दोन थोडे पुढे होते, ते इतके हुबेहूब केले होते की जप्त करूनही मी ते फेकले नाहीत.

दोघींनी आपापले नकाशे न वापरता एकच वापरला. दोन घरं, दोन वर्तुळं. ती एकमेकांवर चढून मध्ये भिंगासारखा एक तुकडा तयार झाला, आणि त्या तुकड्यात बंद पडलेली लाकडाची वखार होती. वखारीच्या दारात गाड्या तोलायचा जुना वजनकाटा, जमिनीत बसवलेली लोखंडी फळी.

"तिथे भेटायचं," टाचणी म्हणाली.

"आणि घरचे?" दुर्बिणीनं विचारलं.

"घरचे घरच्यांबरोबर असतीलच की. आपण आपल्याबरोबर."

हे मला आता कळलं. तेव्हा मी फक्त नकाशा तपासला होता.

पुढचं वर्षभर त्या दोघी रोज संध्याकाळी त्या फळीवर जाऊन उभ्या राहायच्या. काट्याची सुई गंजलेली, कितीही नाचलं तरी शून्यावरून हलायची नाही. टाचणी म्हणायची, "बघ, आपलं वजनच नाही. आपण मेलो तर कुणाला जड जाणार नाही." दुर्बिणीला असलं बोलणं आवडायचं नाही. पण एकदा तिनंच शपथ घातली: दोघींपैकी कुणीही त्या बारा मिनिटांत एकटं राहायचं नाही.

भोंगा वाजला तो रविवारी. पावणेचार वाजले होते. रविवारी सराव कधीच नसायचा, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मी गॅस बंद केला, मग तो बंद केलाय का ते पुन्हा जाऊन पाहिलं, मग तिसऱ्यांदा. माझी बारा मिनिटं त्यातच गेली.

टाचणी तेव्हा मागच्या अंगणात प्लास्टरचे साचे धूत होती. वडील पुढच्या खोलीत पॉलिशच्या चाकावर. ती मागच्या दारानं तशीच ओल्या हातांनी पळाली. वखारीपाशी पोचली तेव्हा तिच्या हिशेबानं आठ मिनिटं झाली होती. ती फळीवर उभी राहिली. रस्त्यात कुणी नव्हतं. घरांचे दरवाजे धाडधाड लागत होते. तिनं पोस्टाच्या गल्लीकडे बघत मोजायला सुरुवात केली. दहा झाली. बारा झाली. दुर्बीण आली नाही.

"तेव्हा मला एकच वाटलं," मेणाच्या पत्र्यावरून सुरी फिरवत ती मला म्हणाली. "की आता पडला बॉम्ब तरी चालेल. नाहीतर उद्या हिच्या शेजारी बसावं लागेल."

बॉम्ब पडला नाही. सव्वाचारच्या सुमारास धोका टळल्याचा भोंगा झाला. टाकीवरच्या बटणाची दुरुस्ती चालू होती आणि दोन तारा एकत्र आल्या, असं दुसऱ्या दिवशी जाहीर झालं. त्या माणसाची नोकरी गेली.

टाचणी घरी आली तर वडील पायरीवर बसलेले. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू, काठीशिवाय चालता यायचं नाही. चाकाच्या आवाजात त्यांना भोंगा उशिरा ऐकू आला. मागे गेले तर अंगण रिकामं, नळ वाहतोय. काठी सापडेना, म्हणून ते तसेच भिंती धरत, तिला हाका मारत, गल्लीच्या टोकापर्यंत गेले. शेजाऱ्यांनी त्यांना आत ओढायचा प्रयत्न केला. "माझी मुलगी यायची आहे," म्हणाले आणि परत येऊन पायरीवर बसले. गुडघा फुटला होता. हातांना पॉलिशची पांढरी पूड तशीच. तिची आई ती तीन वर्षांची असताना गेलेली. घरात दोघंच.

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडे."

"बरं," ते म्हणाले. "नळ बंद कर."

त्यानंतर या विषयावर बापलेकीत एक शब्दही झाला नाही. पण त्या दिवसापासून ती बाहेर निघाली की ते चाक थांबवायचे आणि ती परत येईपर्यंत चालू करायचे नाहीत.

सोमवारी शाळेत दुर्बिणीचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, भीतीनं. सगळ्यांचेच चेहरे तसे होते.

"त्यानं फ्रॉक सोडला नाही गं," ती टाचणीला म्हणाली. "आई दाराशी उभी होती. मी कशी येणार होते?"

"बरं," टाचणी म्हणाली.

"तू बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"शिव्या कशाला? मी कुठे म्हणाले की चुकलीस?"

बाकावर त्या शेवटपर्यंत शेजारीच बसल्या. डबा वाटून खाल्ला. वखारीत मात्र परत गेल्या नाहीत.

दहावी झाल्यावर मी टाचणीसाठी एक फॉर्म आणला होता. दुसऱ्या शहरात दंतकामाची मोठी संस्था होती, वसतिगृहासकट, आणि तिथल्या मुख्यांना मी तिचे मेणाचे दात पाठवून दाखवलेही होते. त्यांनी लगेच बोलावलं. टाचणीनं फॉर्म वाचला.

"इथून किती लांब, बाई?"

"पाच तास."

"मग नको."

मी तिला पाऊण तास उपदेश केला. संधी वारंवार येत नाही, वडील काही म्हातारे नाहीत, असं पुष्कळ शहाणपणाचं बोलले. तिनं फॉर्म नीट चार घड्या करून मला परत दिला. पाच तासांची बारा मिनिटं कशी करायची हे मला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, असं ती आता म्हणते.

दुर्बीण गेली. शिकली, औषधांच्या कारखान्यात तपासनीस झाली, त्याच पाच तासांवरच्या शहरात राहिली. पत्रं यायची, मग वर्षाला एक, मग नुसतं शुभेच्छापत्र. टाचणी इथेच राहिली. बाजार सात मिनिटं, दवाखाना दहा, बस स्टँड अकरा. एक स्थळ चांगलं आलं होतं, मुलगा शांत, तिला आवडलेलाही. पण घर पुलापलीकडे. ती एकदा घड्याळ घेऊन चालत जाऊन आली. एकोणीस मिनिटं. तिनं नकार कळवला आणि कारण विचारलं तेव्हा "मुलाचे दात बरे नाहीत" असं सांगितलं. गावात पुष्कळ दिवस त्यावर हसू झालं.

वडील गेले तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. ते खुर्चीतच गेले आणि ती शेजारी होती. मी भेटायला गेले होते. "आता तरी मोकळी झालीस, थोडी फिरून ये कुठेतरी," असं तिच्या आत्यानं माझ्यासमोर म्हटलं. टाचणी म्हणाली, "बघू." तोवर भोंगा गंजून गेला होता, त्यावर कबुतरं बसायची, आणि तरुण मुलांना तो कशासाठी आहे हेही माहीत नव्हतं. तरी ती गेली नाही. वर्तुळ आता कुणासाठी होतं, ते तिलाही सांगता आलं नाही. पाय तिथपर्यंतच जातात, म्हणाली.

गेल्या वर्षी तो भोंगा काढून नवा बसवला. देश तेच, भांडण तेच, माणसं नवी. पहिला गुरुवार, अकरा वाजता. घरोघरी पत्रकं वाटली. मी तिच्या टेबलाच्या काचेखाली एक पाहिलं, त्यात बाराच्या जागी सात लिहिलं होतं.

माझी मेणाची कवळी तोंडात होती तेव्हा एक टक्कल पडलेला माणूस पायरी चढून आला. आत आल्यावर त्यानं शर्टाचं टोक उगाच हातात धरलं आणि टाचणीनं त्याला ओळखलं.

"बस रे," ती म्हणाली. "दात दुखतोय का?"

"नाही. ताईनं पाठवलंय." तो उभाच राहिला. "पोटातलं आहे. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस, फार तर. ती म्हणते, टाचणीला घेऊन ये. गाडी आणली आहे. आत्ता निघालो तर संध्याकाळी पोचू, उद्या मी स्वतः आणून सोडीन."

"बाईंच्या तोंडात मेण आहे."

"मी थांबतो ना."

"आज नको. प्लास्टर कालवून ठेवलंय, वाया जाईल." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "गुरुवारी येते. बसनं येते मी."

"नक्की? ती रोज विचारते. मी गुरुवार सांगू?"

"सांग."

तो गेल्यावर तिनं माझ्या तोंडातून मेण काढलं आणि तोवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं वर्तुळाचं सगळं सुरुवातीपासून जोडून सांगितलं. मी म्हटलं, गुरुवारी मी तुझ्याबरोबर येते. निदान पुलापर्यंत. पूल ओलांडला की पुढे तू जाशील.

"दहाची बस घेऊ," ती म्हणाली. "पहिला गुरुवार आहे, अकराला भोंगा. तोपर्यंत आपण लांब गेलेलो असू. तिकडे ऐकू येत नाही."

गुरुवारी ती इस्त्रीची साडी नेसून स्टँडवर आली. पिशवीत एका डबीत तिनं काहीतरी घेतलं होतं. विचारलं तर उघडून दाखवलं. मेणाचे दात, दुर्बिणीचे, नववीतले. पुढच्या दोन दातांत फट.

दहाची बस आली नाही. चालकाची वाट बघतायत, असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं. साडेदहा झाले. टाचणी घड्याळाकडे बघत नव्हती, पण येणारी प्रत्येक बस उठून बघून येत होती. दहा पन्नासला बस लागली. आम्ही बसलो. बाजार गेला, दवाखाना गेला. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर बस थांबली आणि भोंगा सुरू झाला.

कंडक्टर मोठ्यानं म्हणाला, "बसून राहा मंडळी, सराव आहे. बॉम्ब पडला तरी तिकीट परत मिळणार नाही." लोक हसले. एका बाईनं मांडीवरच्या लेकराचे कान झाकले. टाचणी उठली.

"अगं, आज गुरुवार आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे, बाई."

"सराव आहे हा."

"माहीत आहे."

"ती वाट बघत असेल."

तिनं पिशवी काखेत धरली. मग ती उतरली. मीही तिच्या मागे उतरले, आणि बस आमच्यासमोर पूल चढून गेली. टाचणी भराभर चालत होती, छप्पन वर्षांची बाई, साडी वर खोचून. मला तिच्याबरोबर राहता येईना. वखारीच्या वळणावर मला वाटलं, ही तिकडे वळेल. वळली नाही. सरळ घरी आली आणि पायरीवर बसली. मी पोचले तेव्हा भोंगा केव्हाच थांबला होता आणि समोरचा दुकानदार फळी उघडून माल मांडत होता.

"बाबा इथे बसले होते," ती म्हणाली. "इथेच. हा कोपरा."

"दुपारी दुसरी बस आहे," मी म्हटलं. "दोनची."

"हो."

दोन वाजता ती तिथेच बसलेली होती. दुसऱ्या दिवशीही मी जाऊन बघितलं. ती कामाला लागली होती. फोन कर, निदान बोल तरी तिच्याशी, असं मी सांगितलं. फोन तिनं केला. भावानं उचलला आणि सांगितलं की ताईला आता बोलता येत नाही, पण काल दिवसभर दाराकडे बघत होती. चष्मा मागून घेतला होता.

शनिवारी दुपारी दुर्बीण गेली.

भाऊ पुढच्या आठवड्यात एक मोठा लिफाफा देऊन गेला. ताईच्या कपाटात सापडला, वर तुमचं नाव होतं, म्हणाला. चहासुद्धा न घेता गेला. मी त्या दिवशी कवळी घ्यायला आले होते, म्हणून टाचणीनं लिफाफा माझ्यासमोरच उघडला. आत गावाचा नकाशा होता, घड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून जपलेला. दोन वर्तुळं, मधलं भिंग आणि त्यात वखारीवर एक फुली. खाली कोपऱ्यात लाल शाईत माझं अक्षर: छान. दहापैकी नऊ.

तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"नऊच का दिले होते, बाई?" तिनं विचारलं.

मी निरखून पाहिलं. "उत्तर दिशा दाखवली नाही तुम्ही."

"हं," ती म्हणाली. नकाशा तिनं टेबलाच्या काचेखाली सरकवला, सातवाल्या पत्रकाच्या शेजारी. मग हात धुतले, माझी कवळी पाण्यातून काढून बसवली आणि दिवा जवळ ओढला. नवी कवळी बसवली की ती प्रत्येकाला आकडे म्हणायला लावते. कुठे हवा निसटते, कुठे जीभ अडते, ते आकड्यांत कळतं.

"एकपासून म्हणा. सावकाश."

मी म्हणू लागले. ती माझ्या ओठांकडे बघत होती, पूर्वी गल्लीकडे बघत मोजलं असेल तसं. बारापर्यंत ठीक गेलं. तेराला जीभ अडली. तिनं कवळी काढली, चाकावर जरा धरली, पुन्हा बसवली.

"तेरा म्हणा."

मी म्हटलं. नीट आलं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली, कवळी काढून घेतली आणि चाक चालू केलं.